सुरुवातीला नाणं चालतं, शेवटी नाही

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मी चार वर्षं कार्ड गेम खेळतेय आणि हे सगळं घडेपर्यंत एकही स्पर्धा शेवटपर्यंत खेळले नव्हते. एकही नाही. हरले म्हणून नव्हे, घरी जायचं म्हणून.

कार्ड गेम म्हणजे पत्ते नव्हेत, हे मला दर आठवड्याला कुणाला तरी सांगावं लागतं. रमी नाही, तीन पत्ती नाही, जुगार तर अजिबातच नाही. पाकिटातनं कार्डं निघतात, प्रत्येकावर वेगळं चित्र, वेगळी ताकद. ती जमवायची, एकमेकांत बदलायची आणि त्यातली साठ निवडून आपला डेक बांधायचा. समोरच्याचा वेगळा, आपला वेगळा. माझ्या डेकमध्ये बेडूक आहेत. हसू नका, ते बेडूक पाचव्या चालीला समोरच्याचं सगळं गिळून बसलेले असतात.

तर स्पर्धा व्हायच्या डोंबिवलीतल्या एका दुकानात, रविवारी दुपारी. पाच राउंड. एकेक राउंड पन्नास मिनिटांचा, वर मधला वेळ, म्हणजे शेवटचा राउंड संपेपर्यंत साडेसात-आठ. आणि मी राहते कर्जतला, भिसेगावात, जिथे आईचा नियम आहे की दिवेलागणीला घरात. त्यामुळे तिसरा राउंड संपला की मी जजच्या टेबलाशी जायचे आणि म्हणायचे, ‘ड्रॉप.’ तो माझ्या नावावर रेघ मारायचा. एकदा मी तीनपैकी तीन जिंकले होते, पहिल्या टेबलावर होते, आणि तरी ड्रॉप. ट्रेनमध्ये बसून मोबाइलवर निकाल बघितला तर मी दहावी. ज्याला मी दुसऱ्या राउंडला धुतला होता तो तिसरा आला. वांगणी येईपर्यंत मी बॅगेचा पट्टा चावत बसले होते.

शेवटी मीच त्या जजला विचारलं, कर्जतला स्पर्धा का नाही होऊ शकत? तो दुकानातच असतो. बारीक, शांत माणूस, आवाज कधी चढत नाही, आणि नियमांचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये घालून जवळ ठेवतो. तो म्हणाला, होऊ शकते. मी एकदा येऊन बघणार. आठ खेळाडू पाहिजेत आणि जे आठ सुरू करतील त्याच आठांनी सगळे राउंड पूर्ण करायचे. मध्येच कुणी गेलं तर नोंदणी नाही. पूर्ण झाली तर कर्जतची नोंदणी, मग दर महिन्याला स्पर्धा तिथेच.

दर महिन्याला! घरापासून पाच मिनिटांवर! मी तिथल्या तिथे उडीच मारली. आठ जण काय, उभे करते.

शेलूची माझी मैत्रीण खेळायचीच, तिच्या नव्या बिल्डिंगमधले दोन कॉलेजवालेही खेळायचे. मी धरून झाले चार. उरलेले चार मिळाले मामाच्या गावात, खालापूर तालुक्यात.

आमच्याकडे ग्राउंड म्हणजे कापलेलं शेत. भात निघालं, पेंढा उचलला की त्याच शेतात पीच बनतं आणि शनिवार-रविवार टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, गावच्या टीमचा कॅप्टन. मी दहा वर्षांची असल्यापासून सुट्टीत त्यांची वही लिहायचे, म्हणजे रन मी मोजायचे. पण जून ते नोव्हेंबर शेतात भात उभं असतं, म्हणजे ग्राउंडच गायब. मग हे सगळे खेळाडू ओटीवर बसून मोबाइल घासतात. त्या पावसात मी त्यांना कार्डं शिकवली. दादा, विकेटकीपर, डावखुरा बॉलर आणि ओपनर. पटकन शिकले हो, अगदी पटकन. विकेटकीपर तर समोरच्याचा चेहरा बघून ओळखायचा की हातात काय आहे.

खेळ शिकले. फॉरमॅट नाही शिकले. माझं सगळं रक्त आटलं ते त्या फॉरमॅटपायी.

मी ग्रुपवर मेसेज टाकला. चांगला मोठा, टप्प्याटप्प्याने समजावलेला. त्यावर चार अंगठे आले. मी म्हटलं, व्वा, कळलं. रविवारी गेले तर दादा म्हणतो, “आठ जन ना? मंजे क्वार्टर, सेमी, फायनल. सोप्पं हाय.”

“दादा, नाही! बाद फेरी नाहीये ती. स्विस म्हणतात त्याला.”

“स्विस? ती ब्यांक हाय ना रं?” ओपनरने डावखुऱ्याला विचारलं.

“यात कुणी बाद होत नाही,” मी म्हटलं. “सगळ्यांनी तीन राउंड खेळायचे. जिंकलास तर तीन पॉइंट, बरोबरी झाली तर एक, हरलास तर शून्य. पुढच्या राउंडला तुझ्याइतकेच पॉइंट असलेला माणूस तुझ्यासमोर येणार.”

“मंग हरलेल्यानं काय करायचं?”

“हरलेल्यासमोर खेळायचं.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. दादा म्हणाला, “हरलेल्याला बगायला कोन बसल गं येडे?”

मी तीन वेळा समजावलं. वहीत चौकोन काढले. लाडूचं उदाहरण दिलं, शाळेतल्या बाकांचं दिलं. प्रत्येक वेळी मान डोलली आणि प्रत्येक वेळी शेवटी तोच प्रश्न आला, की पण सेमीला कोण जातं. मी इतकी वैतागले की मामीने ताक आणून दिलं आणि म्हणाली, जिवाला एवढं लावून घेऊ नको बाय.

स्पर्धा ठरली ऑक्टोबरात, भात कापणीच्या आधी. जागा मिळाली माझ्या जुन्या सरांच्या क्लासची, भिसेगावातच, वरच्या मजल्यावर. रविवारी क्लास बंद असतो. फळ्यावर त्रिकोणाचा सिद्धान्त अर्धाच राहिला होता, सर म्हणाले पुसू नका, मग मी त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत लिहिलं, ‘हरलं तरी जायचं नाही.’ खाली दोन रेघा मारल्या.

खालापूरवाले चौघे टेंपोतनं आले. त्यांच्या टीमचा टेंपो आहे म्हणजे गावातल्याच एका टेंपोवाल्याचा, आम्ही सगळे त्याला काका म्हणतो. कुठेही टूर्नामेंट असली की काका टीम घेऊन जातो, आणि मॅच हरली की टीम घेऊन येतो. वर कधी येत नाही, खाली सीटवर पाय पसरून बसतो. मी म्हटलं, काका वर या. तो म्हणाला, मी बरा हाय.

पहिला राउंड. जोड्या मोबाइलवर लागल्या, चिठ्ठ्या काढल्यासारख्याच. आणि नेमका दादासमोर विकेटकीपर.

“हे काय!” दादा बाकावरनं उठलाच. “आमी एका गावातले. आमाला एकमेकांसमोर कशाला टाकलंय?”

“असंच पडतं दादा. इथे टीम नसते.”

“टीम नसती मंजे?”

जज शांतपणे म्हणाला, “सुरू करा.” आधी कोण खेळणार हे ठरवायला प्रत्येक टेबलावर नाणं उडवलं गेलं, तेही मीच शिकवलं होतं. सगळीकडे टणटण आवाज झाले आणि मला इतकं भारी वाटलं, की कर्जतला, आमच्या भिसेगावात, खरी स्पर्धा सुरू झालीये.

सात मिनिटांनी विकेटकीपर उठला. “सोडून दिली,” म्हणाला. “कॅप्टनसमोर काय खेळायचं.”

नियमाने चालतं ते, हार मान्य केली तर केली. मी माझ्याच सामन्यात होते, शेलूच्या एका कॉलेजवाल्यासमोर, त्यामुळे काही बोलता आलं नाही. मी जिंकले. शेलूची मैत्रीण डावखुऱ्यासमोर जिंकली. दुसरा कॉलेजवाला ओपनरसमोर जिंकला. मी मान वर केली तर खालापूरच्या बाकांवर एकटा दादा. बाकीचे तिघे नाहीत. पाणी प्यायला गेले असतील म्हणून वाट बघितली. मग खिडकीतनं खाली बघितलं.

तिघेही टेंपोत. मागे बसून वडापाव खातायत. काकाने किल्ली लावलेली.

मी जिना कसा उतरले आठवत नाही. मागनं जजचा आवाज आला, “पाच मिनिटांत टेबलावर नाहीत तर नावं काढतो.”

“अरे चाललात कुठे!”

“हरलो ना,” डावखुरा म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय. “कॅप्टनचं झालं की निगू.”

“हरलास म्हणजे संपलं नाही! फळ्यावर लिहिलंय! मेसेज टाकला होता! अंगठा कुणी दिला होता?”

“अंगठा दिला मंजे मेसेज आला असं.”

“हरून परत जाऊन बसायचं मंजे लाज वाटती गं,” ओपनर वडापावच्या कागदाकडे बघत म्हणाला. “लोक बगतात.”

कुठले लोक! वर जज आणि चार माणसं! पण तो खोटं बोलत नव्हता. हरलेली टीम ग्राउंडवर थांबत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. शेवटची विकेट पडली की बॅट गोळा करायच्या आणि टेंपोत. थांबलात तर स्पीकरवरचा माणूस टोमणे मारतो. मीसुद्धा वही मिटून त्याच टेंपोत बसायचे.

आणि मला एकदम सुचलं. हे सगळे शाळेत कबड्डी खेळलेले.

“वजनी गट आठवतात?” मी म्हटलं. “पस्तीस किलोवाल्याला पंचावन्नसमोर टाकतात का?”

“नाय.”

“पहिल्या राउंडला कुणाचं वजनच माहीत नाही. म्हणून कुणासमोरही टाकलं. आता वजन झालं. तुम्ही तिघं आणि तो शेलूचा एक, तुमचा एक गट. आता तुमच्या जोडीच्यासमोर खेळायचं. हरलास म्हणजे बाद नाही झालास, गट ठरला तुझा.”

डावखुऱ्याने चावणं थांबवलं. “मंजे पयली हार मंजे वजनकाटा?”

“हो!”

“आनि माझ्या खेळन्यानं कॅप्टनला काय?” विकेटकीपरने विचारलं.

“शेवटी दोघांचे पॉइंट सारखे झाले तर कोण वर? ज्यांच्याशी तो खेळला ते पुढे किती जिंकले त्यावर. तू दादाकडनं हरलास. आता तू जितका जिंकशील तितका दादा वर. तू इथे वडापाव खात बसलास तर दादा खाली.”

तो टेंपोतनं उडी मारूनच उतरला. “मंग हे आदी सांगायचं ना!”

आधी! मी ग्रुपवर टाकलं होतं, तीन वेळा समजावलं होतं, वहीत चौकोन काढून दाखवलं होतं! पण भांडायला वेळ नव्हता. तिघांना पुढे घातलं आणि वर आले. एक मिनिट उरलं होतं. जजने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

दुसरा राउंड मस्त झाला. विकेटकीपर असा खेळला की शेलूचा कॉलेजवाला घामाघूम. मी मैत्रिणीला हरवलं. दादाने दुसऱ्या कॉलेजवाल्याला हरवलं. आणि कुणीही खाली गेलं नाही. मी खिडकीतनं तीनदा बघितलं, टेंपो नुसता उभा.

तिसरा राउंड म्हणजे शेवटचा. दोन-दोन जिंकलेले दोघंच होते, मी आणि दादा. मी बाकावर बसले आणि खिडकीकडे बघितलं. हा शेवटचा राउंड होता आणि बाहेर अजून ऊन होतं. मला कुठेही जायचं नव्हतं.

एका राउंडात तीन डाव, दोन जिंकेल त्याचा राउंड. पहिला डाव मी जिंकले. दुसरा दादाने. तो भयंकर हळू खेळतो, प्रत्येक कार्ड हातात घेऊन मागनंपुढनं बघतो. तिसरा डाव रंगात आला, माझे बेडूक लागायला लागले होते, आणि जज म्हणाला, “वेळ संपली. पाच चाली.” वेळ संपल्यावर पाच चाली मिळतात, त्यात निकाल लागला तर लागला. नाही लागला. पाचवी चाल दादाची होती, त्याने ती कशीबशी निभावली आणि खेळ तिथेच थांबला.

आता नीट ऐका, कारण हे मी नंतर हजार वेळा मनात मोजलंय. बरोबरी म्हणजे एकेक पॉइंट. माझे सात, त्याचे सात. बाकी कुणाचेही सहाच्या वर जाऊ शकत नव्हते. म्हणजे बरोबरी लिहिली की आम्ही दोघं पहिले दोन. हातात निकालाची चिठ्ठी होती, पेन होतं. एक-एक लिहायचं आणि सही करायची. बास!

“कोन जिकलं मंग?” दादाने विचारलं.

“कुणी नाही. बरोबरी.”

“बरोबरी कशी? एवडं खेळलो ते कशाला?” त्याने बाकावर पडलेलं तेच नाणं उचललं, ज्यावर आम्ही सुरुवात केली होती. “उजेड गेला तर काय करतो आपन? बोल, छापा का काटा?”

आणि मी म्हटलं, “छापा.”

माझ्याच तोंडाने म्हटलं. मला सांगायला आवडलं असतं की त्याने जबरदस्ती केली, की मला ऐकू नीट आलं नाही. तसं काही नाही. तो प्रश्न मी शेताच्या बांधावर उभं राहून इतक्या वेळा ऐकलाय, की कुणी विचारलं की उत्तर येतंच. अंधार पडला, बॉल दिसेना, ओव्हर सारख्या, रन सारखे, तर नाणं. मी वहीत तसं लिहिलंयसुद्धा, ‘नाण्यावर विजयी.’ आणि नाण्याबद्दलचं कलम मी नियमांच्या पुस्तकात वाचलेलं होतं. या सगळ्यांत मी एकटीनेच वाचलेलं होतं.

नाणं वर गेलं, खाली आलं. छापा.

“घे, जिकलीस,” दादा हसून म्हणाला, आणि मी वर बघितलं तर जज आमच्या मागेच उभा.

“दोघांनी कार्डं खाली ठेवा,” तो म्हणाला. आवाज तसाच, बारीक. “निकाल नाण्यावर ठरवता येत नाही. दोघंही स्पर्धेतनं बाद.”

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. “बाद? आता बाद हाय व्हय? दिवसभर ही बोंबलतीय बाद नसतं, बाद नसतं!”

“हरल्यामुळे कुणी बाद होत नाही,” जज म्हणाला.

“अवो पन सुरवातीला तुमीच नानं उडवायला लावलं ना!”

“कोण आधी खेळणार ते नाणं सांगतं. कोण जिंकलं ते खेळ सांगतो. खेळाने नाही सांगितलं तर बरोबरी लिहायची.”

“मंग एकदा उडवलं काय न् दोनदा उडवलं काय!”

मला दोघांचंही बरोबर वाटत होतं आणि दोघांचाही राग येत होता, आणि सगळ्यात जास्त माझा. आठ जणांनी सुरू केली. सहा उरले. ज्या तिघांना मी टेंपोतनं ओढून आणलं ते तिघंही पूर्ण खेळले, चिठ्ठीवर सह्या करून उभे राहिले. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या राउंडला बसलेली मी, उरलेल्या पाच चाली खेळूनसुद्धा पूर्ण नाही.

जज जाताना जिन्यात थांबला. म्हणाला, रिपोर्ट लिहावा लागेल. आठवड्याने त्याचा मेसेज आला. आम्हा दोघांना तीन महिने बंदी. कर्जतला अजून एक संधी, कारण बाकीच्यांची काही चूक नव्हती. नोव्हेंबरमध्ये, तीच अट, आठ जण. आम्ही दोघं सोडून.

मी ग्रुपवर हे एवढं मोठं लिहिलं, दादाला नावं ठेवणारं, आणि पाठवायच्या आधी पुसलं. दादाने मात्र पाठवलं. ‘छापाच पडलेला. तू जिकली हायस. मी मानतो.’ खाली अंगठा. मी मोबाइल उशीखाली घातला.

नोव्हेंबर म्हणजे कापणी. सगळी पोरं शेतात. मैत्रीण, दोन कॉलेजवाले आणि हे तिघे मिळून सहा, तेही हातापाया पडून. विकेटकीपर म्हणाला, “भाताची झोडनी व्हायची हाय अजून. सांजच्याला आलो तर चाललं?” नाही चालणार! मग सातवे झाले आमचे क्लासवाले सर. त्यांना मी आठ दिवसांत शिकवलं, ते प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचून मगच खाली ठेवायचे. आणि आठव्यासाठी मी मामाकडे जाऊन टेंपोवाल्या काकासमोर उभी राहिले.

“मी? मला काय येतं गं त्यातलं?”

“मी शिकवते. बेडूक देते माझे.”

“खाली टेंपो कोन बगल?”

“काका, तुम्ही वर असलात की टेंपो जाईल कुठे?”

ते त्याला पटलं. मला तर त्याच्या आधीच पटलं होतं. ज्याच्या खिशात किल्ली तो खेळाडू केला, की हरलेले पळणार कसे?

त्या रविवारी मी भिंतीशी स्टुलावर बसून होते. बंदी म्हणजे खेळायचं नाही, बघायला मनाई नव्हती. जज म्हणाला, खेळाडूंशी बोलायचं नाही. मी तोंडावर ओढणी धरली होती. सर हरले, अगदी चारी मुंड्या चीत, आणि उठून पिशवी उचलायला लागले. डावखुरा म्हणाला, “सर, बसा. हा वजनकाटा हाय. आता तुमच्या गटात पडाल.” सर बसले. मला ओरडावंसं वाटलं आनंदाने, आणि ओरडता येत नव्हतं, आणि खेळतासुद्धा येत नव्हतं, आणि समोर काका माझे बेडूक इतके चुकीचे वापरत होता की डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या राउंडला वेळ संपली तेव्हा एकच टेबल उरलं होतं. काका आणि ओपनर. पाच चाली झाल्या. निकाल नाही. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग काकाचा हात खिशात गेला.

“काका, हात बाहेर!” माझ्या तोंडातनं निघालंच.

काकाने दचकून हात वर केला. “अगं किल्ली चाचपतोय! टोचतीय मगापास्नं!”

जजने माझ्याकडे बघितलं. मी ओढणी परत तोंडावर. ओपनरने चिठ्ठी ओढली, एक-एक लिहिलं, आणि काकाला म्हणाला, “करा सई. बरोबरी हाय.” काकाने सही करायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात मी अख्खं नख खाल्लं.

आठ जण, तीन राउंड. कर्जतची नोंदणी झाली. सगळे मला टाळ्या देऊन गेले आणि मी जिन्यात बसून राहिले. मैत्रीण म्हणाली, अगं हस ना, झालं ना तुझं. माझं कुठे झालं होतं? सगळ्यांचं झालं होतं.

डिसेंबरची स्पर्धाही मी स्टुलावरनं बघितली.

जानेवारीत बंदी संपली. आणि जानेवारीत काय असतं? कापलेली शेतं. ग्राउंड तयार, स्पीकर लागलेले, आणि माझे सगळे खेळाडू क्रिकेटला. माझी पहिली स्पर्धा रविवारी दुपारी दोनला आणि दादाच्या टीमची मॅच त्याच रविवारी सकाळी. काका त्यांना घेऊन गेलेला. दोन कॉलेजवाले, मैत्रीण, सर आणि मी, आम्ही पाचच. आता नोंदणी झाल्यामुळे एखादा मध्येच गेला तरी चाललं असतं, पण सुरू करायलाच आठ लागतात.

मी सकाळी ग्राउंडवर गेले. वही दुसरंच कुणीतरी लिहीत होतं. मी बांधावर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं, हरू देत. वाईट वाटलं, पण म्हटलं. ते जिंकले असते तर दुपारी त्यांची पुढची फेरी होती.

मॅच टाय झाली. टीम जास्त आलेल्या, वेळ कमी, स्पीकरवरचा म्हणाला जादा ओव्हर नाही, कॅप्टन पुढे या. नाणं वर गेलं. दादा ओरडला, “छापा!” काटा पडला.

त्यांनी बॅटी गोळा केल्या आणि टेंपोत बसले. मीही बसले, मागे, त्यांच्यात. शेत संपून डांबरी लागल्यावर दादा म्हणाला, “सारखे रन हायत. बरोबरी लिवायला काय झालं व्हतं त्यांना?”

मी ओढणी तोंडावर धरली. मला बोलायला किती होतं! विकेटकीपर खिदळला तर दादाने त्याला पॅड फेकून मारलं.

मग पुढनं काकाने विचारलं, “कुठं घेऊ? गावात का भिसेगावात?”

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. तो बाहेर बघत होता. “गावात जाऊन तरी काय करनार,” म्हणाला. “ने हिच्याकडं. हरलेल्यांचा वजनकाटा हाय ना तिकडं.”

बाकीची टीम वाटेत उतरली आणि काका धरून मातीने माखलेले पाच जण क्लासच्या जिन्यावर चढले आणि सर दारातच ओरडले, पाय धुऊन या. पाच आणि पाच दहा झालो. दहा असले की चार राउंड. मी चारही खेळले. पहिला हरले, दुसरा जिंकले, तिसरा काकाकडनं हरले, माझ्याच बेडकांकडनं, जे त्याने परतच दिलेले नाहीत. चौथ्यात डावखुऱ्याशी बरोबरी. बाहेर दिवे लागले होते, आई खिडकीखालनं हाक मारत होती, आणि मी वरनं ओरडले, “आई, पाच चाली!”

निकाल भिंतीवर लागला. दहांत सातवी. माझ्या नावापुढे चार राउंडचे चार निकाल, आणि कुठेही रेघ नाही. सातवी! विकेटकीपर पहिला आला आणि मी सातवी! दादा म्हणाला, हरलीस तर टेंपोत बस, सोडतो घरी. पाच मिनिटांवर घर आहे माझं.